जुनी कार्बोरेटरवाली गाडी थंडीत चालू होत नाही? खानदेशातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात कार्बोरेटरवाल्या जड गाड्या आता मोजक्याच उरल्या आहेत. महिंद्राच्या पेट्रोल जीप आणि त्यांचे पिकअप, लष्कराच्या लिलावातून आलेल्या जोंगा आणि निसान वन-टन, कुठे एखाद्या गोदामात ताडपत्रीखाली झाकलेला पेट्रोलचा फार्गो किंवा डॉज. वर्षभर मुकाट चालणाऱ्या या गाड्या मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली की सकाळी हात वर करतात. तेव्हा जे प्रश्न हमखास येतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं फक्त पेट्रोल इंजिनाची आहेत.

मे महिन्यात एका सेल्फला चालू होणारी गाडी जानेवारीतच का नखरे करते?

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. पेट्रोलमध्ये अनेक घटक असतात. काहींची वाफ ३५-४० अंशांना होते, तर काहींना २०० अंशांपर्यंत तापवावं लागतं. सकाळी इंजिन ७-८ अंशांवर गार पडलेलं असताना त्यातले हलके घटक तेवढे वाफ होऊन सिलिंडरमध्ये जातात, बाकीचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, गार भिंतींवर थेंब होऊन बसतं. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर माप बरोबर देतो, पण प्लगपाशी पोचतं ते फार पातळ मिश्रण, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्यात बॅटरी थंडीने मंदावलेली आणि ऑइल घट्ट झालेलं.

एवढं सगळीकडेच होतं. खानदेशात आणखी एक गोष्ट घडते, ती आपल्या हाताने. आपल्याकडे गाडीची सगळी दुरुस्ती मे महिना डोळ्यांसमोर ठेवून होते. भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांत इंजिन तापू नये म्हणून पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो, ‘पातळ होतं’ म्हणून जाड ऑइल भरलेलं असतं, ॲव्हरेज मिळावा म्हणून पेट्रोल कमी जाईल असा कार्बोरेटर आवळून ठेवलेला असतो. मग धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा ६-७ अंशांवर आल्याची बातमी पेपरात येते आणि त्याच सकाळी गाडी धरत नाही. खालची काही उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

सकाळी गाडी घेत नाही. आधी काय बघायचं?

क्रम ठरलेला आहे: इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय का, प्लगला करंट आहे का, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय का, चोक, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची हवा अडवणारी झडप, पूर्ण मिटतेय का. याच क्रमाने जा. पहिल्या तिन्हींना चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि व्होल्ट मोजायचा मीटर पुरतो.

आपल्याकडे उलटं होतं. गाडी अडली की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, फुंकले जातात, स्क्रू इकडचे तिकडे होतात आणि शेवटी कळतं की बॅटरीची अर्थ वायर गंजली होती. आता दोन बिघाड झाले, एक मूळचा आणि एक नवा. कार्बोरेटरला शेवटी हात लावा.

सेल्फ हळू फिरतो किंवा नुसता ‘टक’ करतो. बॅटरी बदलू का?

आधी मोजा. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या १२ व्होल्ट बॅटरीवर मीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी तरी कमजोर आहे किंवा सेल्फ मोटर जास्त करंट खातेय. लष्करातून आलेल्या गाडीचं वायरिंग १२ व्होल्टचं आहे की २४, ते ऐकीव माहितीवर ठरवू नका. लिलावानंतर बऱ्याच गाड्यांचं वायरिंग बदललेलं असतं.

मीटर ठीक असेल तर अर्थिंगकडे वळा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून चासीपासून इंजिनापर्यंत वेगळी अर्थ पट्टी लागते. ती तुटकी किंवा गंजलेली असली की करंट भलत्याच वाटा शोधतो, कधी चोकच्या केबलमधूनही जातो. सेल्फ मारताना चोक केबल गरम होत असेल तर दोष शंभर टक्के अर्थिंगचा आहे. खात्री करायला जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून बघा. सेल्फ झपाट्याने फिरला तर बॅटरीचे पैसे वाचले.

सेल्फ मारताना क्लच दाबून ठेवा. गिअरबॉक्समधलं ९० नंबरचं ऑइल थंडीत काकवीसारखं होतं आणि क्लच न दाबता सेल्फ मारला तर तेही घुसळावं लागतं.

प्लगला करंट येतो की नाही, हे घरी कसं तपासायचं?

एक प्लग काढा, वायर लावून त्याची बॉडी इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लगचं भोक तोंडासमोर नको, आणि जवळ पेट्रोलचं फडकंही नको. ठिणगी निळी, कडक, आवाज करणारी हवी. पिवळी, मलूल ठिणगी बाहेर दिसली तरी सिलिंडरमध्ये दाबाखाली विझते.

ठिणगी कमजोर असेल तर पॉइंट, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, बघा. जीपच्या पॉइंटचा गॅप ०.०२० इंच म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि प्लगचा ०.०३० इंच म्हणजे पाऊण मिलिमीटर. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल तर पॉइंट घासून भागणार नाही, कंडेन्सरही बदला. जुना कंडेन्सर थोडा वेळ चालतो, थोडा वेळ नाही, आणि मिस्त्रीला वेड लावतो.

रावेर, सावदा, यावल पट्ट्यातल्यांसाठी एक खास गोष्ट. केळीच्या बागेच्या कडेला उभ्या गाडीवर पहाटे दव धरतं. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून आत बोट फिरवा, ओल लागली तर सकाळचा घोळ तिथेच आहे. कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि उजेडाकडे धरून आतून बघा. दोन टर्मिनलच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप गेली. त्या रेघेवरून करंट पळतो. पुसून, घासून ती जात नाही.

करंट सेल्फ मारताना नाही, पण सेल्फ सोडताक्षणी एक ठोका येतो, असं होत असेल तर कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला, सेल्फच्या वेळी पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. ज्या गाड्यांत कॉइलच्या वाटेत रेझिस्टर असतो, त्यांत सेल्फच्या वेळी तो वगळणारी एक वेगळी वायर असते. नवं वायरिंग करताना ती वायर हमखास राहते.

करंट आहे, सेल्फ आहे. पेट्रोल येतंय का ते कसं कळेल?

एअर फिल्टर काढा, चोकची झडप उघडी ठेवा आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत ॲक्सिलेटरची दांडी हाताने एकदा ओढा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी सरळ उडायला हवी. उडाली म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत, जिथे थोडं पेट्रोल साठतं, पेट्रोल आहे आणि ॲक्सिलेटर पंपाचं वॉशर जिवंत आहे. नुसता थेंब ओघळला तर वॉशर सुकलंय. काहीच आलं नाही तर वाटी कोरडी आहे.

मग कॉइलची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. थोडं थांबून थांबून जोरात पेट्रोल यायला हवं. नाही आलं तर एसी पंपाचं, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं, डायफ्रॅम, पंपावरच्या काचेच्या वाटीखालचं वॉशर आणि टाकीच्या बाजूची रबरी नळी तपासा. काचेच्या वाटीत तळाशी पाणी वेगळं दिसतं, ते ओतून टाका.

एक दिवसाआड चालवली तर लगेच घेते. आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारावा लागतो.

हा बिघाड नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि एसी पंप इंजिनच्या कॅमवर चालत असल्याने इंजिन फिरल्याशिवाय वाटी भरत नाही. बहुतेक जुन्या एसी पंपांना खाली हाताने दाबायची एक छोटी पट्टी असते. ती दाबत राहा. वाटी भरली की पट्टी ढिली पडते, मग सेल्फ मारा. पट्टी सुरुवातीपासूनच ढिली लागली तर पंपाचा कॅम आधीच वर आहे. इंजिन थोडं फिरवून पुन्हा दाबा.

चोक ओढला तरी फरक पडत नाही.

केबल ओढली म्हणजे चोक लागला असं नाही. फिल्टर काढून बघा. डॅशबोर्डवरचं बटण पूर्ण बाहेर आलेलं असतं आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप अर्धीच मिटलेली असते. केबलच्या आवरणाला धरणारी क्लिप सैल झाली की तार ओढताना आवरणच सरकतं आणि झडप जागची हलत नाही. झडप बोटाने मिटवून सेल्फ मारा. गाडी लगेच घेतली तर एका क्लिपचा आणि स्क्रूचा प्रश्न आहे.

झडप मिटली की कडेने जेमतेम रेघभर फट राहायला हवी. आपल्याकडची धूळ आणि फिल्टरमधलं उडालेलं ऑइल यांचा काळा चिकट थर झडपेच्या दांडीवर बसतो आणि ती अडकते. रॉकेलच्या ब्रशने धुवा. दांडीला ऑइल लावू नका, धूळ पुन्हा धरते.

चोक किती वेळ ठेवायचा?

गाडी धरली की लगेच एक तृतीयांश आत ढकला, इंजिन गोळीबंद चालायला लागलं की आणखी थोडा. दोन-तीन मिनिटांत पूर्ण आत गेला पाहिजे. चोक ओढून गाडी चहा होईपर्यंत उभी ठेवायची सवय वाईट. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरतं. डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर हेच चाललंय. थोडी गरम झाली की हळू चालवत निघा.

पेट्रोलचा भपकारा येतो, प्लग काढले तर ओले. आता?

ओव्हरफ्लो झाली. चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबा आणि दाबूनच ठेवा, पंप करू नका. दरवेळी दाबलं की ॲक्सिलेटर पंप आणखी पेट्रोल आत टाकतो. तसंच दाबून आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. नाही घेतली तर दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवून थांबा, नाहीतर प्लग काढून वाळवा.

दर सकाळी असंच होत असेल तर वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटची नीडल बसत नाही किंवा फ्लोट पेट्रोल प्यायलाय. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पाणी हलल्यासारखा आवाज आला की समजा भोक पडलं.

ई-२० पेट्रोल आल्यापासून त्रास वाढला. वाटतंय की खरंच आहे?

खरं आहे, पण सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. वीस टक्के इथेनॉल असलेल्या या पेट्रोलचा मोठा परिणाम तीन ठिकाणी होतो.

इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे गार मॅनिफोल्ड आणखी गार होतो. दुसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा पट पुरते. जुन्या जेटला हे कळत नाही, तो पूर्वीचंच माप देतो आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. आधीच ॲव्हरेजसाठी आवळलेल्या कार्बोरेटरवर हे पडलं की गाडी थंडीत धरत नाही. आयडलिंगचा मिक्श्चर स्क्रू थोडा सोडून बघा. अनुभवी मिस्त्री मेन जेट एक नंबर मोठा टाकतो.

तिसरं जास्त त्रासदायक. इथेनॉल ओल खेचतं आणि जुनं रबर फुगवतं किंवा कडक करतं. एसी पंपाचं जुनं डायफ्रॅम, टाकीपासूनच्या नळ्या, ॲक्सिलेटर पंपाचं वॉशर यांची किट इथेनॉलला टिकणारी घ्या. कॉर्कच्या फ्लोटवरचं जुनं लाखेचं पॉलिश इथेनॉलमध्ये विरघळतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकीत उगाच पेट्रोल साठवू नका आणि वाटी रिकामी करून ठेवा.

थर्मोस्टॅट काढल्याने बिघडलं काय? उन्हाळ्यात तर गाडी छान चालते.

गाडी तापायचं खरं कारण बहुधा रेडिएटरमध्ये साचलेला क्षार असतो. आपल्या बोअरचं पाणी जड, ते वर्षानुवर्षं भरलं की नळ्या बुजतात. थर्मोस्टॅट काढला की तेवढ्यापुरतं भागतं आणि रेडिएटर तसाच राहतो. रेडिएटर साफ करून घ्या, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा.

थर्मोस्टॅट साधारण ७५-८० अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. तो नसला तर पौषात शिरपूरहून धुळ्यापर्यंत काटा अर्ध्यावर येत नाही, चोक लवकर आत ढकलता येत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये ओल साचते. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट चिकट थर दिसतो. त्यावरून काही गॅरेजवाले हेड गॅस्केट गेल्याचं सांगून हेड उतरवतात. आधी थर्मोस्टॅट बसवा, पंधरा दिवस चालवा आणि मग बघा. तोवर रेडिएटरच्या अर्ध्या भागासमोर पुठ्ठा किंवा बारदान लावलं तरी चालेल. काट्यावर नजर ठेवा आणि फाल्गुनात ते काढायला विसरू नका.

चालू होते, पण चोक आत ढकलला की बंद पडते.

कुठून तरी जास्तीची हवा घुसतेय, किंवा आयडलिंगचा जेट कचऱ्याने बुजलाय. कार्बोरेटरच्या खालचं गॅस्केट, मॅनिफोल्डचे नट आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची नळी बघा. जुन्या जीपमध्ये वायपर काढून टाकतात आणि नळीचं तोंड उघडंच ठेवतात. आयडलिंगवर चालत्या इंजिनच्या जोडांवर तेलाच्या कुपीने ऑइलचे थेंब सोडा. जिथे थेंब आत ओढला जाऊन इंजिनचा आवाज बदलतो तिथे गळती.

काही इंजिनांत सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमध्ये एक झडप असते. इंजिन गार असताना ती गरम धूर इनटेकच्या बुडाशी वळवते. गंजून ती उघडीच अडकलेली असते, किंवा ‘उन्हाळ्यात नको’ म्हणून तारेने बांधलेली असते.

ऑइल-बाथ फिल्टरही बघा. धुळीच्या भीतीने त्यात खुणेच्या वर ऑइल भरतात. थंडीत ते घट्ट होतं आणि इंजिनचा श्वास अडतो.

थंडीत इंजिन ऑइल कोणतं घालू?

१५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०. झिजलेल्या इंजिनात धूर लपवायला भरलेलं नुसतं ‘पन्नास नंबर’ पहाटे सेल्फला जड जातं.

सगळं तपासलं, तरी इंजिन थकल्यासारखं फिरतं आणि धरत नाही.

आता कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून गेजवर मोजा. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या तीन चतुर्थांशाहून खाली असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

ऑइल टाकूनही आकडा चढला नाही तर हेड उतरवण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधला गॅप, बघा. देशात २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही. जुन्या इंजिनांच्या साध्या सीटना शिशाचा आधार होता. तो गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत बसतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. जीपच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत. वरचं झाकण उघडून चार टॅपेट लावले आणि ‘झालं’ म्हटलं की खालचे चार राहिले. ते ब्लॉकच्या बाजूची प्लेट काढल्यावर दिसतात. मिस्त्रीला बाजूची प्लेट काढली होती का, एवढं विचारा.

गावाकडे सम्पखाली शेकोटी करतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओततात. चालतं का?

केळीच्या बागेत थंडी उतरू नये म्हणून धूर करतात, ते ठीक. ऑइल आणि पेट्रोल गळणाऱ्या गाडीखाली जाळ नको. ओतलेलं पेट्रोलही धोक्याचं: इंजिन उलटं फुसकारलं तर ज्वाळा थेट कार्बोरेटरच्या तोंडातून वर येते आणि माणूस तिथेच वाकलेला असतो. ईथरचा स्प्रे डिझेलवाले वापरतात, पेट्रोल इंजिनाला त्याची गरज नाही.

गरम पाण्याची जुनी युक्ती मात्र चालते. जाड फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून इनटेक मॅनिफोल्डभोवती चार-पाच मिनिटं गुंडाळा. उकळतं पाणी बिडावर थेट ओतू नका, तडा जाईल. डिस्ट्रिब्यूटर कोरडा राहू द्या.

बॅटरी बसली तर हँडल मारू का?

मारा, पण गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. अंगठा इतर चार बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती वळवू नका. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. टायमिंग पुढे असेल तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं. इग्निशन बंद ठेवून आधी चोक ओढून दोन-तीन फेऱ्या फिरवा, मग चावी चालू करून एकच जोराचा ओढा.

धक्का मारून?

चालतं. दुसऱ्या गिअरमध्ये, चोक ओढून. उतारावर एकट्याने करू नका.

आमच्याकडे डिझेलची ४०७ आहे, तीही पौषात अडते.

तिला कार्बोरेटर आणि प्लगचा करंट दोन्ही नाहीत, त्यामुळे यातलं फक्त बॅटरी, अर्थिंग आणि ऑइलचं उत्तर लागू. बाकी डिझेल फिल्टरमधलं पाणी, लाइनमध्ये शिरलेली हवा आणि कॉम्प्रेशन बघा. हीटर प्लग असतील तर तेही.